भागूबाईच्या टाचेचे थर

दहिवलीत पायांचा विषय निघाला की माणसं आधी भागूबाईच्या टाचांचं नाव घ्यायची. घ्यायची म्हणतो, कारण त्या टाचा आता उरलेल्या नाहीत. त्या कशा गेल्या, आणि त्यांच्यापायी ललिताची नोकरी कशी जाता जाता राहिली, त्याची ही हकिकत.

भागूबाई म्हणजे हिरामणची बायको. वय साठीच्या पलीकडं, आणि जन्मात पायात चप्पल नाही. बांधावर बाभळीचा काटा पडलेला असला तर आम्ही वळसा घालायचो. ती सरळ त्याच्यावरून जायची, आणि मागून जाऊन बघावं तर काटा वाकलेला. एकदा खळ्यात तिच्या टाचेला विंचवानं नांगी मारली. तिला पत्ताच नाही. नांगी मात्र टाचेत मोडून राहिली, आणि तो बिननांगीचा विंचू चार दिवस खळ्याच्या कडेकडेनं असा ओशाळवाणा हिंडला, की शेवटी कोंबडीनं त्याला साधा किडा समजून खाल्लं. वीज गेली की हिरामण काडेपेटी शोधायचा नाही, नुसती काडी शोधायचा. ओढायला टाच घरात होतीच. हे काडीचं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं ऐकीव आहे, पण सांगणारी माणसं खरं बोलणारी होती, निदान त्या दिवशी तरी.

ललिता ही भागूबाईची सून. नवरा किरण टेंपो चालवतो. ललितानं चार वर्षं खालापूरकडच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाईनवर उभ्यानं काढली. घरी यायची तेव्हा पाय सुजून चपलेबाहेर आलेले असायचे. मग तिनं ती नोकरी सोडली, कर्जतला ब्यूटी पार्लरचा कोर्स केला, आणि लोधिवलीच्या अलीकडं एक रिसॉर्ट झालंय तिथल्या स्पामध्ये लागली. स्पा म्हणजे काय, ते आम्हालाही तेव्हाच कळलं. शहरातली माणसं दोन तास गाडी चालवत येतात आणि दुसऱ्याकडून अंग चोळून घेतात, तो स्पा. लागली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन महिने भरले की मालकीणबाई स्वतः मुंबईहून येणार, काम बघणार. पसंत पडलं तर पक्की, नाहीतर नमस्कार. आणि नमस्कार झाला तर पुढं काय, ते ललिताला कोणी सांगायला नको होतं. तीच लाईन, तेच उभं राहणं.

मे महिन्यात तीन महिने भरत आले. तिथला मॅनेजर ऋषिकेश, नेरळच्या नव्या बिल्डिंगांत राहणारा, गुळगुळीत दाढीचा पोरगा, त्यानं ललिताच्या हातात एक कागद ठेवला. कागदावर एकच इंग्रजी क्रियापद. एक्सफोलिएट. याचा अर्थ मॅडमना, म्हणजे मालकीणबाईंना, सांगायचा, मग ते स्वतःच्या वाक्यात वापरून दाखवायचं, आणि मग तेच काम मॅडमसमोर कोणाच्या तरी पायांवर करून दाखवायचं. पाय घरून आणायचे. म्हणजे पायांची मालकीण. तिथं बायकांचं काम बायकाच करतात आणि बायकांवरच करतात, म्हणून बाईमाणूस हवं, एवढी अट.

संध्याकाळी तो कागद आमच्या ओट्यावर आला. शेजारची सुरभी कॉलेजात जाते. तिनं मोबाईलमध्ये बघून अर्थ सांगितला, की कातडीवरचा मेलेला थर काढून टाकणं. ललितानं तो लगेच पाठ केला. पण पाठ केलेलं मॅडमसमोर उडून जाईल अशी तिला धास्ती. तिला त्याला अडकवायला आपल्यातला एखादा शब्द पाहिजे होता. आता शब्द पाहिजे म्हटल्यावर दहिवलीत कोण मागं राहतो?

हिरामण म्हणाला, त्यात काय, सोलणं. ललिता म्हणाली, बाबा, सोलतात तो लसूण. गिऱ्हाइकाला मी म्हटलं की या, तुम्हाला सोलते, तर ते टॉवेलवरच चौक फाट्यापर्यंत पळत जाईल. लडकू सुताराच्या मते शब्द होता तासणं, आणि रंधा आणून दाखवायचीही त्याची तयारी होती. कोणी म्हणालं, भिंतीचे पोपडे निघतात ते. मी म्हणालो, कात टाकणं. त्यावर सुरभीनं मला गप्प केलं. म्हणाली, आजोबा, साप आपली कात आपण टाकतो, त्याला लोधिवलीला जावं लागत नाही.

हा वाद चालू असताना पोशा तिथंच बसला होता. पोशा वरच्या ठाकूरवाडीतला, मे महिन्यात करवंदं घेऊन उतरतो. तो पानांच्या द्रोणात करवंदं भरत होता आणि ऐकत होता. सगळे दमल्यावर त्यानं सांगितलं, की डोंगरात पांढरूख म्हणून झाड आहे, उन्हाळ्यात भुतासारखं पांढरं दिसतं. त्याची साल कागदासारखी सुटून येते. सुटायला आली असली तर बोट लावलं की हातात. पण आली नसताना ओढली तर झाड ओलं होतं, डिंक गाळत बसतं. म्हणून सालीला विचारावं, येतेस का, आणि ती हो म्हणाली तर न्यावी.

सुरभीनं पुन्हा मोबाईल चाळला आणि तिचे डोळे मोठे झाले. इंग्रजीत झाडाच्या सालीलाही तेच क्रियापद होतं. खडकाचे पापुद्रे सुटतात त्यालाही तेच. झाड आपण करतं, खडक आपण करतो आणि बाई दुसऱ्या बाईला करते, सगळ्याला एकच. पोशाला याचं काही नवल वाटलं नाही. इंग्रजांनीही कधीतरी पांढरूख बघितलं असेल, असं म्हणून त्यानं टोपली डोक्यावर घेतली आणि तो पुढच्या आळीला गेला.

ललिताला मात्र हवं ते सापडलं. सुटायला आलेलं तेवढंच काढायचं, असं ती दोनदा स्वतःशी म्हणाली.

पाय कोणाचे, यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांच्या माना एकदम भागूबाईकडं वळल्या. बाकीच्या बायकांच्या पायांत होतं काय? दोन मिनिटांची धूळ. इथं साठ वर्षांचा साठा होता. अशा टाचेवर हात चालवून दाखवला तर मॅडम काय, मॅडमच्या सात पिढ्या ललिताला नाव ठेवणार नाहीत. भागूबाई आधी नाहीच म्हणाली. साहेबीण बाईसमोर आपले पाय उघडे करायचे म्हणजे काय. मग तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि बरं म्हणाली. तेवढ्यावर सगळे उठले. तिच्या मनात काय चाललंय हे कोणी विचारलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

आता आमच्या बायकांची एक रीत सांगतो. कल्हईवाला आला तर भांडी त्याच्यापुढं टाकायच्या आधी त्या चिंच लावून लखलखीत घासतात. डॉक्टरकडं जायचं तर अंगात ताप असला तरी आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून. माझ्या बहिणीनं तर शिंप्याला फाटका सदरा द्यायच्या आधी तो शिवला होता. मळकं-फाटकं लोकांच्या हातात द्यायचं नाही म्हणजे नाही. त्या रीतीनं भागूबाईनं विचार केला, की हे असले पाय सुनेच्या हातात, तेही परक्या बाईसमोर, द्यायचे कसे?

रविवारी परीक्षा. शनिवारी सकाळी ललिता कामावर, किरण टेंपोवर, हिरामण बाजारात. भागूबाईनं परसात चुलीवर हंडाभर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, पाय बुडवले, आणि टाचा घासायची वजरी घेऊन बसली. आमच्या न्हाणीच्या खिडकीतून तिचं परस दिसतं. पहिल्या तासात एक वजरी झिजून पेढ्याएवढी झाली. तिनं आमची मागून नेली. तीही गेली. मग कौलाचा तुकडा घेतला.

आणि थर सुटायला लागले. सगळ्यात वरचा गेल्या आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, चिकण मातीचा. त्याच्या खाली महापुराच्या वर्षीचा, त्यात वाळू होती. त्याच्या खाली एक डांबराचा, रस्ता नवा झाला होता तेव्हाचा. मधे एक थर शेणाचा, बराच जाड, कारण त्या काळात घरात चार म्हशी होत्या. आणखी खाली गेल्यावर काहीतरी खट् वाजलं. बघते तर चांदीचं जोडवं. तेवीस वर्षांपूर्वी हरवलेलं. तेवीस वर्षं तिनं ते हिरामणनं कुठं तरी घालवलं म्हणून त्याला ऐकवलं होतं, आणि त्यानंही भांडून भांडून शेवटी, घालवलं असेल बाई, म्हणून कबुली दिली होती. त्याच्याही खालचा थर पिवळा निघाला. ती लग्नाची हळद. तिथं भागूबाई जरा थांबली. मग तोही निघाला, आणि त्याच्या आत पाय होता.

ती उठून उभी राहिली तर लुगडं दोन बोटं जमिनीवर लोळायला लागलं. घरात आली आणि दारातच थबकली. चाळीस वर्षं ज्या ओट्यावरून ती ये-जा करत होती तो गार लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं. एका कोपऱ्यात फरशी खचली आहे, तेही कळलं. ती बराच वेळ ओट्यावर नुसतीच इकडून तिकडं चालत होती.

ललिता दुपारी परतली तेव्हा सासू पाय पुढं पसरून, हसऱ्या तोंडानं बसलेली. टाचा तान्ह्या पोरासारख्या, गुलाबी.

"आई, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? उद्या तुझी मान खाली जायला नको. आता बिनघोर दाखव गं."

ललिता पायरीवर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या पायांकडं बघत राहिली आणि हळू म्हणाली, "आई, माझी नोकरी त्या टाचांवर होती."

मग भागूबाईच्या ध्यानात आलं. ती घमेल्याकडं गेली, पण घमेलं तिनं केव्हाच केळीच्या बुंध्यात ओतलं होतं. (त्या केळीला त्या वर्षी लागलेला घड दोघांनी धरून उतरवावा लागला, पण ते वेगळं.)

पाय दुसरे शोधायचे ठरलं. तोपर्यंत गोष्ट आळीभर झाली होती आणि ललितासाठी कोणाही बाईनं नाही म्हटलं नाही. चंद्राबाई म्हणाली, माझे घे. कमळ्याची बायको गोदा म्हणाली, माझ्या भेगांत रुपया राहतो, माझेच घे. ललिताला हायसं वाटलं. ती म्हणाली, फक्त एक करा, होते तसे राहू द्या. दोघींनी माना डोलावल्या. आणि दिवेलागणीला ती बघायला गेली तर दोघींच्याही परसात पाणी तापलेलं. चंद्राबाई म्हणाली, अगं, जास्ती नाय, उगं वरच्यावर घासले, अगदीच कसं जायचं. गोदाचे तर चमकत होते. ज्यांचे पाय ललितानं मागितलेही नव्हते त्यांनीही घासून ठेवले, न जाणो आपल्यावर वेळ आली तर. त्या संध्याकाळी दहिवलीइतके स्वच्छ पाय सबंध रायगड जिल्ह्यात नव्हते, आणि ललिताला नेमकी एक मळकी टाच मिळत नव्हती. हिरामणनं आपले पाय देऊ केले, पण अट बाईची होती.

शेवटी रविवारी सकाळी भागूबाईलाच न्यायचं ठरलं. मॅडमना खरं काय ते सांगायचं, पुढं नशीब. भागूबाईला आता खडी टोचायची, म्हणून सुरभीच्या फुलांच्या सपाता घातल्या. त्या सपातांत ती बदकासारखी चालत किरणच्या टेंपोपर्यंत गेली. चौक गावापर्यंत सासू-सून एक शब्द बोलल्या नाहीत, असं किरण म्हणतो. भागूबाई एवढी वाट एक शब्द बोलली नाही यावर माझा विश्वास नाही. पण ती निम्मी वाट गप्प होती हे मी मान्य करतो.

तिथं आत काय झालं ते भागूबाईनं मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं. ललितानं एकदाच सांगितलं. मी दोघींचं जुळतं तेवढं घेतलंय.

समिधा मॅडम म्हणजे पन्नाशीची, बारीक, केस कापलेली बाई. पायात घट्ट बूट. त्या खुर्चीत बसल्या, शेजारी ऋषिकेश वही घेऊन उभा. अर्थ विचारला, ललितानं सांगितला, अडखळली नाही. वर हेही सांगितलं, की झाडाची साल आणि खडकाचा पापुद्रा सुटतो त्यालाही हेच म्हणतात. मॅडमनी ऋषिकेशकडं पाहिलं. त्याला ते ठाऊक नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, वाक्यात वापर.

ललितानं आठवडाभर तयार केलेलं वाक्य वेगळंच होतं. पण तोंडातून निघालं ते हे: "यस्टर्डे माय मदर-इन-लॉ एक्सफोलिएटेड हर फीट. टुडे आय हॅव नो वर्क."

मॅडम म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, पण म्हणजे काय? तेव्हा भागूबाईनं सपाता काढून पाय पुढं केले. मॅडमनी वाकून बघितलं, बोट लावून बघितलं. ऋषिकेशनं वहीत काहीतरी खोडलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, की यावर काही दाखवता येणार नाही, आता तीन महिन्यांनी बघू, तोवर दुसरी मुलगी आलेलीच आहे. ललितानं टॉवेलची घडी घातली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

तेव्हा भागूबाई उठली.

"बाई, चूक माझी हाय, हिची नाय. मी घाण पाय दाखवायला लाजले. पन काम तर बघायचंय ना तुमाला? मग तुमचे पाय द्या की."

ऋषिकेश म्हणाला, आजी, असं नसतं. भागूबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"एवढ्या उन्हाळ्यात बूट घालून बसलेली बाई टाचा लपवते. मी साठ वर्सं लपवल्या नाय, पन काल लपवल्या. मला कळतं."

बाहेर तलावात पोरं उड्या मारत होती त्यांचा आवाज येत होता. मग समिधा मॅडमनी एक बूट काढला. मग दुसरा. वर बोटांच्या नखांना लाल रंग, आणि मागं टाचांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. मॅडम म्हणाल्या, दिवसभर एसी आणि फरशी. स्वतःच्याच रिसॉर्टमध्ये पाय दाखवायची लाज वाटते.

ललिता खाली बसली. पाणी कोमट केलं, पाय बुडवले, आणि काही न करता थांबली. भागूबाईला राहवेना. लाव जोर, म्हणाली, मी कौल लावलं होतं.

"आई, गप बसा," ललिता म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूला ती पहिल्यांदा असं बोलली. "सुटायला आलेलं तेवढंच काढायचं असतं."

मग तिनं अंगठ्यानं, भिजलेल्या वालाचं साल काढावं तसं, एक एक पापुद्रा हलकेच पुढं सारला. जो आला तो घेतला, जो आला नाही त्याला परत पाणी पाजलं. घाई नाही, खरवडणं नाही. दहा मिनिटांनी मॅडमची मान एका बाजूला कलली. आणखी पाच मिनिटांनी त्या घोरायला लागल्या.

आता झोपलेल्या मालकिणीला उठवायचं कोणी? काम संपलं, तेल लावून झालं, टॉवेल गुंडाळून झाला, तरी मॅडम उठेनात. नोकरी पक्की का नमस्कार, ते त्या घोरण्याच्या पलीकडं अडकलं होतं. ऋषिकेशचे तीन फोन वाजले, तिन्ही त्यानं दाबून बंद केले. भागूबाई म्हणते त्या सव्वादोन तास झोपल्या. ललिता म्हणते पाऊण तास. आपण दीड तास धरू.

डोळे उघडल्यावर मॅडम म्हणाल्या, "हं, कधी सुरू करतेस?"

ललिता म्हणाली, "मॅडम, झालं."

मॅडमनी टॉवेल काढला, पाय बघितले, दोन्ही टाचांवरून हात फिरवला. मग अनवाणी उठून त्या फरशीवरून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. ऋषिकेशला म्हणाल्या, हिचं पत्र आजच दे. आणि त्या दुसऱ्या मुलीला हिच्या हाताखाली ठेव.

त्यांनी भागूबाईलाही दर रविवारी यायला सांगितलं, पाहुण्यांना गोष्टी सांगायला. ती म्हणाली, आवणीच्या आत टाचा परत आल्या तर बघते.

त्या आल्या नाहीत. जुलैत आवणी लागली तेव्हा ललितानं पहिल्या पगारी सुट्टीत शेतावर यायचं ठरवलं, आणि सासू-सुना एकाच खाचरात उतरल्या. भागूबाईनं पाय चिखलात घातला आणि किंचाळलीच. चिखल गुदगुल्या करत होता. साठ वर्षं ज्या चिखलात ती उभी राहिली, त्याला असल्या खोड्या येतात हे तिला ठाऊकच नव्हतं. ती हसायला लागली ती थांबेना. ललिता हसली, मग चंद्राबाई, मग गोदा, मग सगळी रांग. हसत हसत रोपं लावली गेली. त्या खाचरातल्या भाताच्या ओळी अशा वाकड्या आल्या की बांधावरून बघणाऱ्याची मान अवघडायची. हिरामणनं विचारलं, हे काय लावलंय. भागूबाई अजून डोळे पुसत होती. म्हणाली, सुनेची नोकरी पक्की झाली, तेवढं वाकडं चालतंय.